आत्याचा ‘सम’चा तास

१९५८ सालचा फेब्रुवारी महिना. घराच्या मागच्या पडवीत आत्या भुईमुगाच्या शेंगांचं सूप पुढ्यात घेऊन बसली होती आणि मी तिच्यासमोर.

“कुमुद, यातल्या थोड्या उचल. मोजायच्या नाहीत हं.”

मी उचलल्या.

“किती आहेत?”

“मोजल्या कुठं? तूच नको म्हणालीस.”

“झालं तर मग! हेच ‘सम’. आहेत हे नक्की. किती ते माहीत नाही, आणि माहीत नसलं म्हणून काही अडतही नाही. सम ग्राउंडनट्स. आता या तांब्यात काय आहे?”

“पाणी.”

“मोजता येईल?”

“पाणी कसं मोजणार? एक पाणी, दोन पाणी?”

“तरीसुद्धा सम वॉटर. मोजता येतं त्यालाही चालतो, येत नाही त्यालाही चालतो. इतका गुणी शब्द अख्ख्या पुस्तकात दुसरा नाही बघ.” आत्यानं एक शेंग फोडून माझ्या हातावर दाणे ठेवले. “पण नाही म्हणायचं असलं, की हा तिथं बसत नाही. लगेच उठून जातो आणि जागेवर ‘एनी’ येऊन बसतो.”

त्या काळी आमच्याकडे आठवीत इंग्रजी सुरू व्हायचं. जूनमध्ये एबीसीडी आणि फेब्रुवारीत इन्स्पेक्शन. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर कुठला पाठ घ्यायचा हे शिक्षकानं आधी कळवायचं असे. आत्यानं ‘सम’ कळवला होता.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, अंबिका. वय सव्वीस. घरी ती माझी आत्या आणि मुलींच्या शाळेत आमच्या वर्गाची चिंचोरेबाई. उंबऱ्याबाहेर पडलं की मला हाक बदलावी लागे. लग्न होऊन ती बार्शीला गेली होती आणि चार वर्षांनी एक पत्र्याची ट्रंक घेऊन एकटीच एस्टीतून उतरली होती. तिला एका कानानं ऐकू येत नसे. जाताना दोन्ही कानांनी येत होतं. यापेक्षा जास्त आमच्या घरात कुणी बोललं नाही.

मॅट्रिक झालेली होती म्हणून तिला शाळेत तात्पुरती जागा मिळाली. साहेबांचा शेरा चांगला आला असता, तर नोकरी कायम झाली असती आणि शाळेमागच्या चाळीत एक खोलीही मिळाली असती. तसं झालं नाही तर वैशाखात बार्शीची माणसं तिला न्यायला येणार होती. अण्णांनी त्यांना तसा शब्द दिला होता.

“माझ्या तीन मुली आहेत, अंबू,” ते तिला एकदा म्हणाले होते. “बहीण माहेरी येऊन बसली, की पाहायला येणारे आधी तिचंच विचारतात.”

“मी काही म्हणतेय का दादा? एवढं इन्स्पेक्शन होऊ दे.”

अण्णा मुलांच्या हायस्कुलात गणित शिकवत. माणूस मोठा गप्पिष्ट होता. ताटावर बसले की शाळेतल्या गमती सांगून आम्हाला इतकं हसवत, की आई म्हणायची, “पोरींना घास तरी गिळू द्या.” आत्यानं पाठ कळवला त्या संध्याकाळीच जेवताना त्यांनी ती गंमत सांगितली.

“अंबू, तुला गुरुकिल्ली देऊ का? आमच्याकडे सहा वर्षं चाललीय. साहेबांसमोर प्रश्न विचारला, की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बघावं तिकडं हातच हात! साहेब खूश. मास्तरनं फक्त उजवे उठवायचे.”

“आणि एखादा डावखुरा असला म्हणजे?” आईनं विचारलं.

“त्याला त्या दिवशी ताप येतो!”

आम्ही सगळे खो खो हसलो. आत्याही हसली. मग पाण्याचं भांडं खाली ठेवत म्हणाली, “मला नको रे बाबा. माझ्या मुलींना येतंय.”

“चोवीसच्या चोवीस जणींना?”

“चोवीस नाही. पण सम.”

अण्णांना ठसकाच लागला. “साहेबांना हेच सांग हो! सम मुलींना येतंय, सम शेरा द्या!”

मी मात्र तेव्हापासून हिशेब करू लागले. मी तेरा वर्षांची होते आणि वर्गात पहिली यायची, त्यामुळे कुणाला काय येतं हे आपल्याला बाईंपेक्षा जास्त कळतं अशी माझी ठाम समजूत होती. सुधा, नलू, मी अशा दहा-अकरा जणी पक्क्या. बाकीच्या अडखळणार. एक जरी गप्प उभी राहिली तरी आत्याला वैशाखात ट्रंक उचलावी लागणार.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि चोवीसही जणींना हात वाटून दिले.

“बाईंनी सांगितलंय?” नलूनं विचारलं.

“बाईंना यातलं काही सांगायचं नाही. डावे हात दिसले की त्यांना आपोआप कळेल.” आत्यानं जेवताना सगळं ऐकलेलंच होतं. ती हुशार होती. ऐन वेळी उजव्यांनाच उठवेल याची मला खात्री होती.

शेवटच्या बाकावर मालन बसायची. कुंभारवाड्यातली पोर, बोलायला संथ, पण आत्यावर तिचा फार जीव. पाठासाठी बापाकडून एक लहानसं मडकं मुद्दाम घडवून आणलं होतं तिनं, पाणी भरून टेबलावर ठेवायला.

“मालन, तुझा डावा.”

“का गं? मला येतंय की सम.”

“तू अडखळतेस. उगाच घोटाळा नको. डावा म्हणजे डावा.”

“बरं,” मालन म्हणाली. “डावा तर डावा.”

दुसऱ्या दिवशी केंभावीसाहेब आले. या जिल्ह्यात ते नवीनच होते. अंगात काळा कोट, हातात तपकिरीची डबी. मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून ते आणि मुख्याध्यापिका बसल्या. आत्यानं जांभळ्या काठाचं पांढरं पातळ नेसलं होतं. फळ्यावर तिनं ‘सम’ लिहिलं, अक्षर सुरेख आलं.

पाठ असा रंगला, की आजही मला त्यातलं वाक्यन्वाक्य आठवतं. मडक्यातलं पाणी झालं, सुपातल्या शेंगा झाल्या. आत्यानं खडूचे तुकडे टेबलावर टाकले. “सम चॉक.” सगळा वर्ग एका सुरात म्हणत होता. मग पाहुण्याला चहा कसा विचारायचा ते तिनं दाखवलं. “विल यू हॅव सम टी? इथं विचारतोय आपण, तरी ‘सम’च. का? तर समोरच्यानं हो म्हणावं असं आपल्या मनात असतं म्हणून.” साहेबांनी तपकिरीची डबी मिटली आणि पुढं वाकून ऐकू लागले. मुख्याध्यापिकांकडे वळून हळूच म्हणाले, “बाईंचं ट्रेनिंग नाही झालेलं म्हणता?”

मी ते ऐकलं. वाटलं, जिंकलं!

“आता कोण सांगेल?” आत्यानं विचारलं. “‘सम गर्ल्स आर अॅब्सेंट’ असं मी म्हटलं, तर वर्गात किती मुली नाहीत?”

चोवीस हात वर गेले.

आत्याची नजर पहिल्या बाकावरून सुरू झाली आणि दुसऱ्या बाकावर थांबली. उजवा, डावा, डावा, उजवा. तिचा चेहरा पाहता पाहता उतरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उंचावून सुधाच्या उजव्या हाताकडे खूण केली. तिला नुसतं ‘सुधा’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

आत्या म्हणाली, “मालन, तू सांग.”

मालन उठली. हात तसाच वर. एकदा बाईंकडे, एकदा माझ्याकडे बघून तिला रडूच कोसळलं. “बाई, मला नगा इचारू. माझा डावा हाय की!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हात कुणी खाली घ्यायचे नाहीत,” साहेब म्हणाले. बाकांच्या मधून ते सावकाश पुढं आले. “उजवे अकरा. डावे तेरा.” मग मागं वळून मालनजवळ येऊन थांबले. आवाज मुळीच रागाचा नव्हता. “पोरी, डावा हाय म्हणजे काय गं?”

“ज्यास्नी येत न्हाई त्यांचा डावा.”

“म्हणजे तुला येत नाही?”

“येतंय की.”

“मग सांग.”

“सम गर्ल्स म्हंजे काही पोरी. कोण, किती, ते ठावं न्हाई. समद्या न्हाईत.” एकदाही न अडखळता मालननं सांगितलं.

“शाबास. मग डावा का केलास?”

“तसं सांगितलं हुतं.”

“कुणी?”

मालननं मान खाली घातली. तिनं माझं नाव घेतलं नाही. मीही उठले नाही. बाकाच्या फळीवरच्या शाईच्या डागाकडे मी बघत राहिले.

“साहेब, वर्ग माझा आहे,” आत्या म्हणाली. “विचारायचं ते मला विचारा.”

“बाई, सतरा वर्षं मास्तरकी केलीय मी. ही युक्ती मला नवी नाही. तुम्ही शिकवलीत?”

“माझ्या वर्गात जे झालं त्याची जबाबदारी माझी आहे.”

“हे उत्तर झालं नाही.”

“माझ्याजवळ एवढंच आहे, साहेब.”

साहेबांनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या वर्गावर गेले. आत्यानं फळा पुसला. तास संपायला अजून दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं तिनं आम्हाला शुद्धलेखन घातलं.

गाव केवढंसं! संध्याकाळी अण्णा घरी आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. टोपी काढता काढताच त्यांनी विचारलं, “अंबू, हे काय केलंस? तूच नको म्हणाली होतीस ना?”

आत्या निवडत होती ती मेथी तशीच निवडत राहिली. “झालं खरं दादा. चुकलं माझं.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. मास्तरांना कुठल्या पोराच्या मनात काय आहे ते नजरेवरून कळतं, तसं त्यांना ते कळलं. काढलेली टोपी त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली.

“हेडमास्तरांकडे जाऊन येतो.”

“अंबूवन्संसाठी?” आईनं आशेनं विचारलं.

“बघतो,” अण्णा म्हणाले आणि तडक बाहेर पडले.

मला केवढा धीर आला! मी पडवीत जाऊन आत्याला सगळं सांगून टाकलं. मुलींना मी हात वाटून दिले, मालनला मी गप्प केलं, सगळं मी.

“मला वर्गातच कळलं गं,” आत्या म्हणाली. “तू भुवया उडवल्यास ना.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंस?”

“तेरा वर्षांच्या पोरीला पुढं करू? आणि एक क्षण माझ्याही मनात आलं होतं, सुधालाच उठवावं. म्हणून तर मालनला विचारलं. तिला येत होतं, कुमुद.”

साहेबांचा मुक्काम डाक बंगल्यावर होता. दुसऱ्या दिवशी मुलांच्या हायस्कूलचं इन्स्पेक्शन. सकाळी दूध आणायच्या निमित्तानं मी निघाले ती थेट डाक बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात दाढी करत होते. शिपायानं मला अडवलं तेव्हा त्यांनीच हातानं खुणावलं, येऊ दे.

“साहेब, ते डावे-उजवे मी सांगितलं होतं मुलींना. बाईंना काही माहीत नव्हतं.”

“तू कोण?”

“कुमुद मोहोळकर. बाई माझ्या आत्या आहेत.”

साहेब हसले. “आत्या आहेत होय? म्हणून आलीस. त्यांनी पाठवलं?”

“नाही साहेब. त्यांना ठाऊकच नाही.” मला रडू येत होतं, पण मी बोलत राहिले. “साहेब, बाईंची युक्ती असती तर त्यांनी उजव्या मुलीला उठवलं असतं ना? त्यांनी मुद्दाम डावीला उठवलं. त्यांना नको होतं तसलं.”

वस्तरा हातात तसाच धरून साहेब थांबले.

“हे मात्र खरं,” ते सावकाश म्हणाले. “हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.” मग तोंड पुसून खुर्चीवर बसले. “तू लहान पोर. ही युक्ती तुला सुचली कुठून?”

“घरी ऐकली. अण्णांच्या शाळेत चालते, त्यांनीच जेवताना सांगितलं.”

“अण्णा म्हणजे?”

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. “माझे वडील. ते बघा, आलेच,” मी म्हटलं. साहेबांना शाळेत घेऊन जायला अण्णाच आले होते. परीटघडीचा कोट, नवी टोपी. मला पाहून त्यांनी सायकल भिंतीला टेकवायला नको इतका वेळ लावला.

“या मोहोळकर,” साहेब म्हणाले. “तुमची मुलगी आलीय. ती म्हणते, कालचा उद्योग तिचा, बाईंचा नाही. आणि तो तिनं तुमच्याकडून ऐकला. तुमच्या शाळेत असं चालतं, असं तुम्ही घरी सांगितलंत म्हणे. तसं असेल तर बाईंचा शेरा मी आत्ता फाडतो. शेवटी पाठ त्यांनी उत्तम घेतला होता. तुम्ही फक्त हो म्हणा.”

वही टेबलावर होती. साहेबांनी ते पान उघडूनही धरलं होतं.

अण्णांनी टोपी सारखी केली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात गरम होता.

“साहेब, आत्यावर फार जीव आहे हिचा,” ते म्हणाले. “रात्रभर झोपली नाही पोर. मनात येईल ते बोलतेय. असलं काही आमच्या घरात बोललं जात नाही.”

“अण्णा!” मी म्हटलं.

“घरी जा, कुमुद. दूध घेऊन जा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. वही मिटून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली. “प्रेमानं सांगितलेलं खोटं असलं तरी ते खोटंच, पोरी. तुझ्या बाईंनीही तुला हेच सांगितलं असतं.”

त्या दिवशी मुलांच्या हायस्कुलात, ज्यांना उत्तर येत होतं त्यांनीच हात वर केले. प्रत्येक वर्गात. आदल्या संध्याकाळी अण्णा हेडमास्तरांकडे गेले होते ते साहेबांना ही युक्ती ठाऊक आहे असं त्यांना सावध करायला, हे मला नलूच्या भावाकडून कळलं. शाळेला ‘उत्तम’ शेरा मिळाला.

वैशाखात बार्शीहून आत्याचे दीर आले. अण्णांनी त्यांना आमरसाचं जेवण घातलं. एस्टीवर पोहोचवायला आम्ही सगळे गेलो. आत्यानं मला जवळ घेतलं आणि सांगितलं, “इंग्रजी सोडू नकोस. आणि दादाला उलट बोलू नकोस हल्ली बोलतेस तशी. त्यानं माझ्यासाठी खूप केलंय.” डाक बंगल्यावरचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. पुढंही कधी सांगितलं नाही.

केंभावीसाहेब दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेले, पुढं तिकडंच निवृत्त झाले असं ऐकलं. मालनची शाळा इन्स्पेक्शनच्याच वर्षी सुटली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती अकलूजकडे गेली. एकदा बाजारात भेटली तेव्हा तिनं मला ओळखलं, मी तिला ओळखलं नाही. मी बी.ए. झाले, बी.एड. केलं आणि एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या दोन्ही धाकट्या बहिणींची लग्नं चांगल्या घरी झाली. कुणी काही विचारलं नाही. अण्णा १९६२ साली हेडमास्तर झाले, आणि चांगले हेडमास्तर म्हणून गावात त्यांचं नाव झालं. त्या सकाळबद्दल ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दोघांनाही एकाच घरात राहायचं होतं.

आत्या बार्शीला आणखी नऊ वर्षं जगली. १९६७च्या जुलैत ती गेली, तेव्हा मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होते. कशानं गेली ते तारेत लिहिलेलं नव्हतं. तार अण्णांना दुपारी दीडला शाळेत मिळाली. त्यांनी ती कोटाच्या खिशात ठेवली, उरलेले तिन्ही तास घेतले, आणि साडेपाचला घरी आल्यावर आम्हाला सांगितलं.